ऑफिसच्या विम्याचा क्लेम नाकारला तर : अमेरिकेत नोकरी करणाऱ्यांसाठी एरिसाची वाट

नकाराचं पत्र आलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभा होतो. उभा, कारण त्या दिवसांत मला वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ बसता येत नव्हतं. मानेच्या दोन मणक्यांची शस्त्रक्रिया होऊन सात महिने झाले होते. मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो आणि सतरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम केलं. पहिले २६ आठवडे राज्य सरकारच्या तात्पुरत्या अपंगत्व विम्यावर निघाले. त्यानंतर ऑफिसमार्फत घेतलेला लाँग टर्म डिसॅबिलिटी (दीर्घकालीन अपंगत्व) विमा सुरू व्हायचा होता. विमा कंपनीने सात पानी पत्रात कळवलं की मी बैठं काम पूर्ण वेळ करू शकतो.

त्याच रात्री मी चिडून पानभर पत्र लिहिलं. इतकी वर्षं हप्ते भरले, आता माणुसकी दाखवा, असा सूर. वर 'अपील' असा विषय टाकला आणि पाठवून दिलं. अडतीस दिवसांत अपीलही फेटाळलं गेलं. त्या एका पानाने मी काय गमावलं होतं ते मला बऱ्याच महिन्यांनी, वकिलासमोर बसल्यावर कळलं. माझ्या पॉलिसीत ऐच्छिक दुसऱ्या अपिलाची सोय होती म्हणून वाचलो. सगळ्या पॉलिसींत ती नसते.

मी वकील नाही. या वाटेने जाऊन आलेला माणूस आहे, एवढंच. तुमच्या प्रकरणाचा निर्णय तुमच्या वकिलाला विचारून घ्या. पण वकिलाकडे जाईपर्यंत काय बिघडवून ठेवायचं नाही, तेवढं मी नक्की सांगू शकतो.

१. आधी बघा : हे प्रकरण एरिसाचं आहे का?

एरिसा हा १९७४चा केंद्रीय कायदा. त्यामागे एक गोष्ट आहे. १९६३ साली स्टुडबेकर या मोटार कंपनीने इंडियानातल्या साउथ बेंडचा कारखाना बंद केला आणि हजारो कामगारांचं पेन्शन बुडालं किंवा नावापुरतं उरलं. त्यावरून कामगारांचे लाभ सुरक्षित ठेवणारा कायदा हवा अशी मागणी वाढत गेली. शेवटी २ सप्टेंबर १९७४ रोजी, लेबर डेच्या दिवशी, अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी त्यावर सही केली. कामगारासाठी केलेला हा कायदा आज विमा कंपन्यांचीच ढाल झाला आहे, हा माझा कडवटपणा समजा. पण पुढे वाचलंत की तुम्हालाही तसंच वाटेल.

खाजगी नोकरीत मालकामार्फत मिळणारा आरोग्य विमा, आयुर्विमा, डिसॅबिलिटी, पेन्शन आणि ४०१-के (निवृत्तीसाठी पगारातून साठवायचं खातं) हे बहुतेक सगळं एरिसाखाली येतं. सरकारी नोकरी असेल, म्हणजे राज्य विद्यापीठ, पब्लिक स्कूल, महापालिका, तर येत नाही. चर्चच्या योजनांनाही साधारणपणे सूट आहे. तुम्ही स्वतः एजंटकडून किंवा मार्केटप्लेसवरून (सरकारी विमा-बाजारातून) घेतलेली पॉलिसीही एरिसाबाहेर. तिथे राज्याचा कायदा चालतो आणि तो ग्राहकाला बऱ्याचदा जास्त देतो.

एवढी चिकित्सा कशाला? कारण भारतातला अनुभव डोक्यात ठेवून इथे लढायला गेलात तर फसाल. तिकडे ग्राहक आयोग क्लेमच्या रकमेखेरीज मानसिक त्रासापोटीही भरपाई देऊ शकतो. एरिसात तसं काही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८५च्या रसेल खटल्यात योजनेच्या लाभापलीकडच्या भरपाईचा दरवाजा लावून घेतला, आणि १९८७च्या पायलट लाइफ खटल्यात ठरवलं की कंपनीच्या बदनियतीबद्दल राज्याच्या कायद्याखाली दावा लावता येणार नाही. म्हणजे कंपनीने कितीही छळलं तरी जिंकल्यावर मिळणार ते मुळात देणं होतं तेच. वर व्याज आणि वकिलाची फी मिळू शकते, पण ती न्यायाधीशांच्या मर्जीवर. नाकारून बघण्यात कंपनीचं फारसं काही जात नाही, हे गणित आधी समजून घ्या.

आणखी एक गोष्ट एचआरला लेखी विचारून ठेवा : योजना विमा कंपनीने उतरवलेली आहे की सेल्फ-फंडेड? सेल्फ-फंडेड योजनेत पैसे मालकाचे असतात आणि विमा कंपनी फक्त कारकुनी करते. कार्डावर दोन्हीकडे त्याच कंपनीचं नाव असतं, त्यामुळे कार्ड बघून कळत नाही. राज्याचे विमा कायदे सेल्फ-फंडेड योजनेला लागू होत नाहीत.

२. पत्र दोनदा वाचा आणि तारखा लिहून काढा

पाकीट फेकू नका. पत्र हातात कधी पडलं याचा तोच पुरावा. मग कॅलेंडरवर लिहा :

- डिसॅबिलिटी आणि आरोग्य विमा : नकार मिळाल्यापासून अपिलाला किमान १८० दिवस.
- आयुर्विमा, पेन्शन वगैरे : किमान ६० दिवस. इथे लोक हमखास गाफील राहतात, कारण घरात दुखवटा असतो.
- डिसॅबिलिटीच्या अपिलावर निर्णय : ४५ दिवसांत, विशेष कारण असल्यास आणखी ४५.
- आरोग्य विमा : उपचार झाल्यानंतरच्या बिलाच्या अपिलावर ६० दिवस, उपचाराआधीच्या मंजुरीवर ३०, तातडीच्या प्रकरणात ७२ तास.

या मुदती कंपनीने पाळल्या नाहीत तर अंतर्गत वाट संपली असं धरून थेट कोर्टात जाता येतं. पण एका दिवसाचा उशीर झाला म्हणून लगेच धावू नका. वकिलाला विचारा.

या सगळ्यापेक्षा घातक तारीख आहे ती खटला भरण्याची. एरिसा कायद्यात लाभाच्या दाव्याला स्वतःची मुदत लिहिलेलीच नाही. ती पॉलिसीत असते, बहुधा तीन वर्षं. आणि ती कधीपासून मोजायची? तुम्हाला वाटेल शेवटच्या नकारापासून. २०१३च्या हाइमशॉफ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पॉलिसीत लिहिलं असेल तर ती क्लेमचे कागद देण्याच्या तारखेपासूनही मोजता येते, म्हणजे अपील चालू असतानाच तुमची वाळू गळत असते. १ एप्रिल २०१८ नंतर दाखल झालेल्या डिसॅबिलिटी क्लेममध्ये अपील फेटाळणाऱ्या पत्रात ही शेवटची तारीख छापणं कंपनीवर बंधनकारक आहे. तरी पॉलिसीशी ताडून बघा.

३. पूर्ण फाईल मागवा, पैसे न देता

अपिलाचं एक अक्षरही लिहिण्याआधी हे करा. दोन पत्रं लिहायची. एक क्लेम नाकारणाऱ्या विमा कंपनीला : माझ्या क्लेमशी संबंधित सगळी कागदपत्रं, नोंदी, डॉक्टरांचे अहवाल, फोनच्या नोंदी आणि निर्णयासाठी वापरलेली अंतर्गत नियमावली द्या. हे त्यांना फुकट द्यावंच लागतं.

दुसरं पत्र प्लॅन अॅडमिनिस्ट्रेटरला. हा कोण, ते समरी प्लॅन डिस्क्रिप्शन नावाच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं आणि बहुतेक वेळा तो म्हणजे तुमची नोकरीची कंपनीच असते. त्याच्याकडे मूळ प्लॅन, विमा पॉलिसी आणि ती पुस्तिका मागा. लेखी मागणीनंतर ३० दिवसांत दिलं नाही तर कोर्ट रोजचा ११० डॉलरपर्यंत दंड लावू शकतं. दंड लावायचाच असं नाही, पण पत्रात या दंडाचा सौम्य उल्लेख केला की एचआर जागं होतं. पुस्तिकेवर समाधान मानू नका. २०११च्या सिग्ना विरुद्ध अमारा निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की पुस्तिका म्हणजे खुद्द प्लॅन नव्हे.

दोन्ही पत्रं सर्टिफाइड मेलने, पोचपावतीसह. पोर्टलवरून पाठवलंत तर स्क्रीनशॉट ठेवा.

माझी फाईल सहाशे पानांची निघाली. तिच्यात तीन गोष्टी सापडल्या. एक, ज्या डॉक्टरच्या मतावर नकार दिला होता त्याने मला कधी पाहिलंच नव्हतं. त्याने फक्त कागद वाचले होते, आणि माझ्या सर्जनने शस्त्रक्रियेनंतर दिलेला अहवाल त्याच्यापर्यंत पोचलेला नव्हता. दोन, माझ्या कामाचं वर्णन त्यांनी 'हलकं, बैठं' असं लिहिलं होतं. महिन्यातून दोनदा रात्रभर चालणारी रिलीजची कामं त्यात कुठेच नव्हती.

तिसरी गोष्ट वाचून मी हसलो आणि मग गप्प बसलो. क्लेम बघणाऱ्या बाई फोनवर सुरुवातीला "हाउ आर यू टुडे?" विचारायच्या. मी म्हणायचो, "आय अॅम गुड, थँक यू." आपल्याकडे कसं, पाय प्लॅस्टरमध्ये असला तरी दारात आलेल्याला आपण "बरं आहे" म्हणतो. त्यांच्या नोंदवहीत तीन ठिकाणी तारखेसह लिहिलेलं होतं : क्लेमदार बरं असल्याचं सांगतो.

४. अपील : तुमचा खटला खरा इथेच चालतो

हा भाग सावकाश वाचा. बाकी काही विसरलात तरी चालेल.

एरिसाच्या खटल्यात सहसा ज्यूरी नसते. साक्षीदार नसतात. तुम्ही पिंजऱ्यात उभे राहून न्यायाधीशांना आपली मान दाखवणार, असं काही घडत नाही. न्यायाधीश प्रामुख्याने एकच गोष्ट वाचतात : अपील संपलं त्या दिवशी कंपनीच्या फाईलमध्ये जे कागद होते ते. त्याला अॅडमिनिस्ट्रेटिव्ह रेकॉर्ड म्हणतात. जो पुरावा अपिलात घातला नाही तो पुढे कोर्टात घालणं फार अवघड. माझं ते एक पान हेच करून बसलं होतं. दुसरं अपील नसतं तर न्यायाधीशांसमोर माझ्या बाजूने माणुसकीचं आवाहन सोडून फारसं काहीच नसतं.

त्यामुळे १८० दिवस मिळालेत तर वापरा. घाई कंपनीच्या फायद्याची असते. फाईलमध्ये हे असावं :

- डॉक्टरांचं पत्र, पण "रुग्ण काम करू शकत नाही" असं एका ओळीचं नको. सलग किती मिनिटं बसता येतं, मान किती वेळ खाली ठेवता येते, दिवसात किती वेळा आडवं व्हावं लागतं, औषधाने एकाग्रतेवर काय होतं, महिन्यात किती दिवस गैरहजेरी अपेक्षित आहे, आणि हे कुठल्या तपासणीवरून, तेही.
- कंपनीच्या डॉक्टरने काय लिहिलं आणि ते का चूक, याला तुमच्या डॉक्टरचं मुद्देसूद उत्तर.
- एमआरआय, नसांच्या तपासण्या, फिजिओथेरपीच्या नोंदी.
- जमल्यास फंक्शनल कपॅसिटी इव्हॅल्युएशन, म्हणजे शरीराची कामाची क्षमता मोजणारी तपासणी. खर्च तुमचा, पण आकडे मिळतात.
- नोकरीचं खरं वर्णन : एचआरचं छापील, शिवाय सहकाऱ्याचं किंवा जुन्या मॅनेजरचं पत्र.
- घरच्या माणसाचं निवेदन. माझ्या बायकोने दीड पान लिहिलं. त्यात एकही विशेषण नव्हतं. सकाळी शर्टाची बटणं कोण लावतं, गाडी कोण चालवतं, गणपतीच्या आरतीला मी किती वेळ उभा राहिलो, एवढंच होतं.
- सोशल सिक्युरिटीने (केंद्र सरकारच्या सामाजिक सुरक्षा खात्याने) अपंगत्व मान्य केलं असेल तर तो निर्णय आणि त्यामागचे कागद.

'माझे डॉक्टर सांगतात, मग झालं' असं समजू नका. २००३च्या ब्लॅक अँड डेकर विरुद्ध नॉर्ड निकालापासून उपचार करणाऱ्या डॉक्टरच्या मताला एरिसात आपोआप जास्त वजन नाही. अर्थात कंपनीला ते कारण न देता फेकूनही देता येत नाही. २०१८पासूनच्या डिसॅबिलिटी नियमांत त्यांनी असहमतीचं कारण लिहायला हवं. शिवाय अपील चालू असताना त्यांनी नवा वैद्यकीय अहवाल मागवला तर अंतिम नकाराआधी तो तुम्हाला दाखवून उत्तराची संधी द्यावी लागते. तो अहवाल आला की सगळं बाजूला ठेवून त्याला डॉक्टरकडून उत्तर घ्या.

पॉलिसीतली व्याख्या तोंडपाठ करा. बहुतेक ठिकाणी पहिले २४ महिने 'स्वतःचा व्यवसाय' जमतो का एवढंच बघतात, पुढे 'कुठलाही व्यवसाय'. या चोविसाव्या महिन्याच्या सुमारास कितीतरी चालू क्लेम बंद पडतात, म्हणून बाविसाव्या महिन्यापासूनच कागद गोळा करा. मानसिक आजारांवरच्या लाभाला अनेक पॉलिसींत २४ महिन्यांची कमाल मर्यादा असते. माझ्या नैराश्याच्या औषधांची नोंद पुढे करून माझं अपंगत्व 'मुळात मानसिक' ठरवण्याचा प्रयत्न झाला होता.

आपल्या लोकांसाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगतो. अनेक जण पुण्या-मुंबईला जाऊन दुसरं मत घेतात किंवा तिथेच शस्त्रक्रिया करून येतात. त्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर, नोंदणी क्रमांकासह, इंग्रजीत अहवाल घ्या. 'रिपोर्ट नॉर्मल, विश्रांती घ्या' अशी चिठ्ठी फाईलमध्ये गेली तर ती तुमच्याविरुद्धच वाचली जाईल. दुसरं, आई-वडिलांकडे चार-सहा महिने जाऊन राहण्याआधी पॉलिसी वाचा. काहींत देशाबाहेर ठराविक काळापेक्षा जास्त राहिल्यास लाभ थांबतो. आणि लग्नात नाचल्याचे फोटो फेसबुकवर टाकू नका. पाळत ठेवतात. माझी तर शनिवारच्या भाजीच्या पिशव्या उचलतानाची नोंद होती. दोन पिशव्या, पैकी एक कोथिंबिरीची.

फुगवून सांगू नका, हेही तितकंच महत्त्वाचं. 'मला काहीच करता येत नाही' असं लिहिलंत आणि त्यांच्याकडे तुम्ही गाडी चालवतानाचं चित्रण असलं, तर बाकी सगळं खरं असूनही विश्वास संपतो.

५. सोशल सिक्युरिटीचा फास

विमा कंपनी तुम्हाला सरकारी अपंगत्व लाभासाठी अर्ज करायला लावते आणि तो मिळाला की तेवढी रक्कम ती स्वतः देत असलेल्या लाभातून वजा करते. हे बहुतेक पॉलिसींत लिहिलेलंच असतं. सरकारकडून मागची थकबाकी एकरकमी येते आणि लोक ती कर्जात घालतात. मग विमा कंपनीचं वसुलीचं पत्र येतं. ते पैसे वेगळ्या खात्यात ठेवा. प्रौढांना या सरकारी लाभासाठी साधारणपणे ४० कामाची क्रेडिट लागतात आणि त्यातली २० शेवटच्या दहा वर्षांतली. नुकतेच आलेल्यांना ती पुरत नाहीत, हे कंपनीला लेखी कळवून टाका.

६. आरोग्य विमा असेल तर बाहेरचं परीक्षण

अंतर्गत अपील संपल्यावर, नकार वैद्यकीय कारणावरून असेल तर, त्रयस्थ परीक्षण मागता येतं. शेवटच्या नकारापासून चार महिन्यांत मागायचं, ४५ दिवसांत उत्तर येतं, तातडीचं असेल तर ७२ तासांत. निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. कोर्टापेक्षा कितीतरी स्वस्त, तरी लोक वापरत नाहीत.

७. आयुर्विमा आणि ४०१-के : 'नॉमिनी' म्हणजे इथे काय

भारतातून येताना आपण एक समज घेऊन येतो की नॉमिनी हा पैसे ताब्यात घेणारा विश्वस्त, खरा हक्क वारसांचा. तिथे बऱ्याच बाबतींत ते खरंही आहे. इथे बेनिफिशियरी म्हणून फॉर्मवर ज्याचं नाव, पैसे त्याचे. २००१च्या एगेलहॉफ खटल्यात वॉशिंग्टन राज्यातल्या बोइंगच्या कर्मचाऱ्याचा घटस्फोट झाला होता, पण फॉर्म बदलायचा राहिला होता. थोड्याच काळात तो अपघातात गेला. घटस्फोट झाला की आधीच्या जोडीदाराचं नाव आपोआप रद्द होतं असा त्या राज्याचा कायदा होता. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, एरिसा योजनेपुढे राज्याचा कायदा चालणार नाही. पहिल्या लग्नातल्या मुलांना मागे सारून पैसे घटस्फोटित पत्नीला गेले.

लग्नाआधी नोकरीला लागताना आईचं नाव घातलंय आणि वीस वर्षं तेच आहे, असे किमान चार जण मला मंडळाच्या कार्यक्रमात भेटले. ४०१-केमध्ये विवाहिताचा जोडीदार कायद्यानेच पहिला हक्कदार असतो, त्याने लेखी सोडलं नाही तर. आयुर्विम्यात तसं संरक्षण नाही. नोकरी सोडताना गटविमा वैयक्तिक पॉलिसीत बदलण्याची मुदत साधारण ३१ दिवसांची असते. आजारी असताना नोकरी गेली तर ही तारीख चुकवू नका.

८. मदत कुणाची घ्यायची, आणि कधी

वकील अपिलाआधी गाठा. अपील फेटाळल्यावर गेलात तर तो तुमची अर्धवट फाईल घेऊनच लढणार. 'एरिसा डिसॅबिलिटी' हेच ज्याचं रोजचं काम आहे असा वकील शोधा. ग्रीन कार्ड करून देणारे ओळखीचे वकील कितीही चांगले असले तरी हे त्यांचं क्षेत्र नव्हे. बरेच जण जिंकल्यावर हिस्सा या पद्धतीने काम करतात, तिसऱ्या हिश्शापासून चाळीस टक्क्यांपर्यंत. हिस्सा फक्त थकबाकीवर की पुढच्या प्रत्येक हप्त्यावरही, हे सहीआधी विचारा. पहिली भेट अनेकदा मोफत असते.

केंद्रीय कामगार खात्याच्या ईबीएसए विभागाचे सल्लागार फोनवर मोफत बोलतात : १-८६६-४४४-३२७२. ते तुमचा खटला लढत नाहीत, पण कागद अडवून बसलेल्या मालकाला त्यांचा फोन गेला की काम हलतं.

एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेले मला नेहमी विचारतात, खटला भरला तर नोकरी जाईल का? एरिसाच्या ५१०व्या कलमाने लाभ मागितल्याबद्दल सूड घेणं बेकायदा आहे, आणि खटल्यात समोर बहुधा विमा कंपनी किंवा प्लॅन असतो, तुमचा बॉस नाही. पण काम थांबल्याने व्हिसाचं काय होतं हा वेगळा आणि गंभीर प्रश्न आहे. त्यासाठी इमिग्रेशनचा वकील वेगळा, आणि रजा संपायच्या आत.

९. फेडरल कोर्टात

लाभाचा दावा राज्याच्या कोर्टातही लावता येतो, पण कंपनी तो बहुतेक वेळा केंद्रीय कोर्टात ओढून नेते, म्हणून वकील सरळ तिथेच जातात. योजना जिथून चालवली जाते, नियमभंग जिथे झाला किंवा प्रतिवादी जिथे सापडतो, त्या जिल्ह्यात. न्यू जर्सीत कोर्ट नेवार्क, ट्रेंटन आणि कॅमडेनला बसतं. दाखल फी ४०५ डॉलर. दाव्याची प्रत ९० दिवसांत पोचवायची. उत्तराला त्यांना २१ दिवस, आणि नोटीस रीतसर बजावण्याचा हट्ट त्यांनी सोडला तर ६०.

पुढे सगळं एका प्रश्नावर फिरतं : न्यायाधीश फाईल नव्या नजरेने वाचणार, की कंपनीचा निर्णय अगदीच अवाजवी होता का एवढंच बघणार? १९८९च्या फायरस्टोन खटल्यापासून नियम असा की प्लॅनमध्ये कंपनीला निर्णयाचा विवेकाधिकार दिलेला नसेल तर नव्या नजरेने, दिलेला असेल तर कंपनीला झुकतं माप. तेच माप २००८च्या मेटलाइफ विरुद्ध ग्लेन निकालाने थोडं सावरलं. जी कंपनी निर्णय घेते तीच पैसेही देते, तेव्हा तो हितसंबंध विचारात घ्यायचा. कॅलिफोर्निया, इलिनॉय आणि टेक्साससारख्या राज्यांनी विमा पॉलिसींतल्या अशा विवेकाधिकारावर बंदी आणली आहे. सेल्फ-फंडेड योजना त्यातूनही सुटतात. पहिल्या पायरीवर एचआरला विचारलेला प्रश्न इथे उपयोगी पडतो.

जिंकलात तरी पैसे लगेच येतीलच असं नाही. अनेकदा न्यायाधीश प्रकरण फेरविचारासाठी कंपनीकडेच परत पाठवतात. फीबाबत २०१०च्या हार्ट खटल्याने दिलासा दिला : पूर्ण विजय नको, गुणवत्तेवर काही प्रमाणात यश मिळालं तरी फी मागता येते. हरलात तर नोटीस ऑफ अपीलला, म्हणजे वरच्या कोर्टात जात असल्याची सूचना द्यायला, ३० दिवस.

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. कोर्टातले कागद सार्वजनिक असतात. तुमचं आजारपण, औषधं, समुपदेशकाच्या नोंदी कुणालाही वाचता येऊ शकतात. वकिलाला सांगून नाजूक भाग काळे करायला किंवा सील करायला लावा.

१०. तडजोडीचा कागद

माझं प्रकरण चौदा महिन्यांनी मध्यस्थासमोर मिटलं. आकडा सांगता येत नाही, करारात तशी अट आहे. दोन्ही पक्ष वेगवेगळ्या खोल्यांत, मध्यस्थ दिवसभर ये-जा करतो आणि संध्याकाळी सहाला सगळे थकलेले असताना कागद पुढे येतो. एकरकमी पैसे घेताना हिशेब करा : हप्ते मालकाने किंवा करापूर्वीच्या पगारातून भरले असतील तर रक्कम करपात्र ठरते. तुमच्याच कर भरलेल्या पैशातून गेले असतील तर सहसा नाही. जुन्या पगाराच्या पावत्या इथे लागतात.

आणि कशावरचा हक्क सोडताय ते ओळ न ओळ वाचा. माझ्या मसुद्यात 'कंपनीच्या सर्व गट पॉलिसींखालचे सर्व दावे' असं होतं. त्यात माझा आयुर्विमाही गेला असता. अपंगत्वामुळे त्याचे हप्ते माफ होऊन तो चालू होता आणि माझ्या मुलींची नावं त्यावर होती. वकिलाने 'सर्व' खोडून डिसॅबिलिटी पॉलिसीचा क्रमांक घातला. त्या एका दुरुस्तीसाठी कंपनीने आणखी आठ दिवस घेतले आणि मग मी सही केली.